इझुमोची ओकुनी : एका भटक्या देवसेविकेच्या दोन समाध्या

काबुकी या जपानी नाट्यप्रकाराचे नाव घेतले, की पांढऱ्या रंगाने माखलेले चेहरे, भरजरी किमोनो आणि स्त्रीभूमिका करणारे पुरुष नट डोळ्यांसमोर येतात. आज जगभर वाखाणल्या जाणाऱ्या या रंगभूमीची सुरुवात मात्र एका स्त्रीने केली. क्योटो शहरातून वाहणाऱ्या कामो नदीच्या कोरड्या पात्रात आणि देवळांच्या आवारात तिने १६०३ च्या सुमारास पुरुषाचा वेष चढवून एक नवाच नाच दाखवला आणि अवघी राजधानी वेडी केली. इझुमो नो ओकुनी, म्हणजे इझुमोची ओकुनी, हे तिचे नाव. पुढे अवघ्या सव्वीस वर्षांत त्याच रंगमंचावर पाऊल ठेवण्यास स्त्रियांना बंदी झाली. ओकुनीच्या नावाने आज दोन समाध्या दाखवल्या जातात. एक तिच्या गावी, दुसरी क्योटोत. यातील तिची खरी कोणती आणि ती नेमकी कधी वारली, हे मात्र चारशे वर्षांनंतरही कोणाला ठामपणे सांगता आलेले नाही.

ओकुनीची कथा समजून घ्यायची, तर आधी इझुमो समजून घ्यावे लागते. जपानच्या मुख्य बेटाच्या पश्चिमेला, जपानच्या समुद्राकडे तोंड करून असलेला हा प्रांत आज शिमाने जिल्ह्यात मोडतो. तेथील इझुमो ताइशा हे शिंतो धर्माच्या अतिप्राचीन आणि अतिपवित्र देवस्थानांपैकी एक. ओकुनिनुशी हे तेथील दैवत. त्याच्या नावातील अक्षरांचा एक उच्चार दाइकोकू असाही होतो आणि दाइकोकू हेच भारतातून बौद्ध धर्माबरोबर जपानला गेलेल्या महाकालाचे जपानी नाव. या उच्चारसाम्यामुळे पुढे ही दोन दैवते लोकमानसात एकरूप झाली. चांद्र पंचांगाच्या दहाव्या महिन्यात जपानभरातील देव इझुमोला सभेसाठी जमतात, अशी श्रद्धा आहे. म्हणूनच उर्वरित देशात त्या महिन्याला देवांविना महिना म्हणतात आणि इझुमोत मात्र देवांचा महिना. हे पाहुणे देव जवळच्या इनासा किनाऱ्यावर उतरतात, असे मानले जाते. अन्यत्र भाविक देवापुढे दोन टाळ्या वाजवतात, इझुमोत चार. थोडक्यात, इझुमोचे नाव उच्चारताच देशाच्या कोणत्याही कोपऱ्यातील माणसाचे हात जोडले जावेत, असा या स्थानाचा महिमा होता.

या देवस्थानांत मिको म्हणजे देवसेविका असत. देवापुढे नृत्य करणे, पूजाविधींत साहाय्य करणे आणि प्राचीन काळी देवाची वाणी आपल्या तोंडून प्रकट करणे, ही त्यांची कामे. कालांतराने सरंजामदारांच्या लढायांत देवस्थानांच्या जमिनी गेल्या, उत्पन्न आटले आणि अनेक सेविकांचा आधार तुटला. त्यांतील कित्येकजणी रस्त्यावर आल्या. कोणत्याही एका देवळाशी न बांधलेल्या, गावोगाव फिरणाऱ्या अशा स्त्रियांना अरुकी मिको, म्हणजे चालती देवसेविका, म्हणत. मृतांच्या आत्म्यांचे निरोप सांगणे, धनुष्याची दोरी छेडून देवाला पाचारण करणे, घरच्या चुलीची शुद्धी करणे, नाचणे आणि गाणे, यांवर त्यांचा चरितार्थ चाले. त्यांच्याविषयी लोकांना आदरही होता आणि संशयही. देवाच्या म्हणून त्यांना ओसरीवर बोलावले जाई. भटक्या म्हणून त्यांच्याविषयी कुजबुज होई. पवित्र आणि पतित यांच्या सीमारेषेवरचे हे जिणे होते. ओकुनी याच वाटेवरची.

परंपरेनुसार ओकुनीचा जन्म १५७२ च्या सुमारास इझुमो ताइशाच्या परिसरात झाला. तिचे वडील नाकामुरा सानएमोन हे देवस्थानाच्या सेवेतील लोहार होते, असे सांगितले जाते. देवस्थानाची दुरुस्ती करावयाची तर पैसा हवा आणि पैसा हवा तर देवाच्या नावाने वर्गणी गोळा करणारी माणसे गावोगाव पाठवावी लागत. पूल, देऊळ वा मूर्ती यांसाठी असा निधी जमवण्याच्या प्रथेला कानजिन म्हणत. प्रवचन, चित्रकथा, नाट्य, नृत्य असे काही ना काही दाखवून लोकांना दानास प्रवृत्त केले जाई. रूपाने आणि नाचाने लक्ष वेधून घेणारी कोवळी ओकुनी याच कामासाठी इझुमोहून बाहेर पडली, अशी आख्यायिका आहे. ज्या देवळासाठी ती निघाली म्हणतात, त्या इझुमो ताइशाची मोठी पुनर्बांधणी पुढे १६०९ मध्ये तोयोतोमी हिदेयोरी याच्या आश्रयाने पूर्ण झाली. ओकुनीने जमवलेले पैसे तेथवर पोहोचले की नाही, याची नोंद नाही.

आख्यायिकेतून कागदाच्या आधारावर येऊ लागल्यावर पहिले वर्ष हाती लागते ते १५८२. नारा येथील एका बौद्ध मठातील भिक्षूंनी पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या तामोन-इन या रोजनिशीत, कासुगा देवस्थानात झालेल्या यायाको ओदोरी म्हणजे बालनृत्याची नोंद आहे. कागा आणि कुनी अशी दोन नावे तेथे येतात, वये आठ आणि अकरा. ही दोन मुलींची नावे की प्रांतांची, यावर अभ्यासकांत वाद आहे. ही कुनी म्हणजेच आपली ओकुनी असे मानले, तर जपानी वयगणनेनुसार तिचे जन्मवर्ष १५७२ येते. तिच्या जन्मसालाचा सारा आधार एवढाच. नावातील आरंभीचा ओ हा आदरार्थी उपसर्ग आहे. मूळ नाव कुनी. ज्या वर्षी ही लहानगी नारात नाचली, त्याच वर्षी क्योटोतील होन्नो मंदिरात सेनापती ओदा नोबुनागा याचा त्याच्याच सरदाराने घात केला. देशाचे भवितव्य तलवारीच्या टोकावर लोंबकळत असताना देवळाच्या आवारात दोन मुली नाचत होत्या आणि एका भिक्षूला ते टिपून ठेवावेसे वाटले.

पुढची अठरा वर्षे ओकुनी कोठे होती, याचा तपशील हाती नाही. या काळात तोयोतोमी हिदेयोशीने देश एकछत्री आणला, कोरियावर दोनदा स्वारी केली आणि १५९८ मध्ये त्याचे निधन झाले. १६०० मध्ये सेकिगाहाराच्या लढाईत तोकुगावा इएयासूने प्रतिस्पर्ध्यांचा पाडाव केला. त्याच वर्षी क्योटोतील एका दरबारी उमरावाच्या रोजनिशीत, एका बड्या घराण्याच्या वाड्यावर इझुमोहून आलेल्या कुनी आणि किकू या दोघींनी यायाको ओदोरी सादर केल्याची नोंद सापडते. म्हणजे नारातील बालनृत्य आता क्योटोच्या अमीर-उमरावांच्या दिवाणखान्यात पोहोचले होते. नाव तेच असले, तरी नाचणारी आता अठ्ठावीस-तीस वर्षांची स्त्री होती. इतकी वर्षे पायांखाली रस्ता आणि डोक्यावर आकाश घेऊन फिरलेल्या या कलावतीला प्रेक्षकांची नाडी पुरती सापडली असणार.

सेकिगाहारानंतरचे क्योटो हे एक विलक्षण शहर होते. शतकभराच्या यादवीनंतर शांतता येऊ घातली होती. पण शांततेने हजारो सैनिकांना बेकार केले होते. धनी गमावलेले हे सामुराई आणि त्यांच्या मागे लागलेले उनाड तरुण रस्त्यांतून टोळ्या करून हिंडत. भडक रंगांचे कपडे, वाजवीपेक्षा लांब तलवारी, विचित्र केशरचना, लांब विड्या आणि उद्धट चाल, ही त्यांची ओळख. लोक त्यांना काबुकीमोनो म्हणत. काबुकू या क्रियापदाचा अर्थ कलणे, तिरके होणे. म्हणजे हे वाकड्या वाटेने जाणारे लोक. सत्तेला ते डोळ्यांसमोर नकोत. १६१२ मध्ये एदोत त्यांच्या एका म्होरक्याला साथीदारांसह देहदंड देण्यात आला. पण सामान्य नागरिकांना त्यांच्या बेदरकारपणाची धास्ती जितकी वाटे, तितकेच आकर्षणही. ओकुनीने नेमके हेच हेरले.

१६०३ हे इएयासू शोगुन झाल्याचे वर्ष. त्याच वर्षाच्या नोंदींत तोदाइकी या बखरीने काबुकी ओदोरी नावाच्या नव्या नाचाची दखल घेतली आहे. इझुमोची कुनी नावाची एक देवसेविका क्योटोला आली असून ती विचित्र वेषातील पुरुषाची नक्कल करते, दोन तलवारी लावते, चहाघरातील बाईशी लगट केल्याचा प्रसंग हुबेहूब वठवते आणि शहरातील लहानथोर साऱ्यांनी तिला डोक्यावर घेतले आहे, असा तिचा आशय. फुशिमीच्या किल्ल्यावरही तिचे वारंवार प्रयोग झाल्याचे ही बखर नमूद करते. त्याच वर्षी राजपरिवारातील स्त्रियांसमोरही इझुमोच्या नर्तकींचा नाच झाला. बखरकाराने जाता जाता एक शेराही मारला आहे : ही बाई काही रूपवती नव्हे. पुढच्या शतकांतील कथाकारांनी ओकुनीला अप्सरा केले. समकालीन साक्षीदाराला मात्र ती तशी वाटली नव्हती. या एका शेऱ्यामुळे ओकुनीचे मोठेपण कमी होत नाही, उलट वाढते. क्योटो जिंकले ते चेहऱ्याने नव्हे, तर कल्पकतेने आणि धिटाईने.

तिच्या प्रयोगाचे स्वरूप त्या काळच्या चित्रमय पोथ्यांवरून आणि रंगीत पडद्यांवरून बरेचसे उमगते. कितानो तेनमांगू या देवस्थानाच्या आवारात आणि शिजो भागातील नदीपात्रात तिची मंडळी खेळ करीत. रंगमंच नो नाटकाच्या धर्तीचा. छपराखालचा चौकोनी मंच आणि बाजूने आत येणारी पूलवजा वाट. भोवती बांबूचे कुंपण, जमिनीवर दाटीवाटीने बसलेले प्रेक्षक. वाद्ये बासरी आणि तीन प्रकारचे ढोल, एवढीच. पुढे काबुकीचा प्राण ठरलेले शामिसेन हे तंतुवाद्य तेव्हा तेथे नव्हते. खेळाचा आरंभ होई तो नेनबुत्सू ओदोरीने. काळा झगा, गळ्यात लटकवलेली छोटी घंटा, हातात ती वाजवण्याची काठी आणि मुखी अमिदा बुद्धाचे, म्हणजे अमिताभाचे नाव. शिंतो देवस्थानाची सेविका बुद्धाचे नाव गात नाचते, यात त्या काळच्या जपानी माणसाला काहीच वावगे वाटत नसे.

मग प्रार्थना संपून खेळ खऱ्या अर्थाने सुरू होई. ओकुनी काबुकीमोनोच्या वेषात येई. कमरेला दोन तलवारी, अंगावर झगझगीत वस्त्रे आणि गळ्यात क्वचित ख्रिस्ती क्रूस. पोर्तुगीज धर्मोपदेशकांमुळे आलेली ही वस्तू त्या काळी क्योटोत श्रद्धेपेक्षा चैनीचे भूषण म्हणून मिरवली जाई. हा छैलछबिला चहाघरात शिरतो आणि तेथील मालकिणीशी लाडीगोडी करतो, असा प्रसंग. मालकीण वठवणारा मात्र पुरुष, सोबत सारुवाका नावाचा विनोदी नोकर. म्हणजे बाई पुरुष झाली आहे, पुरुष बाई झाला आहे आणि देवाच्या नावाने सुरू झालेल्या खेळाचा रंग चहाघरात चढतो आहे. प्रेक्षकांना हसू आवरत नसे. पण या हसण्यात आणखीही काही मिसळलेले होते. नो नाट्य हे सरदारांचे. त्यात भूतकाळातील वीर आणि प्रेतात्मे यांची कहाणी. ओकुनीने मंचावर आणली ती त्याच आठवड्यात त्याच रस्त्यावर दिसणारी माणसे. आपले स्वतःचे जग रंगमंचावर पाहण्याचा हा अनुभव क्योटोकरांना नवा होता. काबुकी जन्माला आली ती या क्षणी. आज हा शब्द गीत, नृत्य आणि कौशल्य अशा अर्थाच्या तीन प्रतिष्ठित अक्षरांनी लिहितात; पण त्याचे मूळ त्या वाकड्या चालीतच आहे.

ओकुनीच्या नावाशी एका देखण्या सामुराईचे नाव कायमचे जोडले गेले आहे. नागोया सान्झाबुरो हा गामो उजिसातो या सरदाराच्या पदरी राहून भाल्याच्या लढाईत नाव कमावलेला तरुण. रूप आणि शौर्य या दोहोंबद्दल त्याची गाणी गायली जात. पुढे तो मोरी तादामासा याच्या सेवेत गेला आणि १६०३ मध्ये मिमासाका प्रांतात एका सहकाऱ्याशी झालेल्या भांडणात मारला गेला. ओकुनीच्या खेळावर आधारलेल्या चित्रपोथ्यांत नेनबुत्सू नाच चालू असताना प्रेक्षकांतून सान्झाबुरोचे भूत उठते, ओकुनीला जुन्या दिवसांची आठवण देते आणि दोघे मिळून नाचतात. एवढ्यावरून तो तिचा प्रियकर होता, पती होता, काबुकीचा सहसंस्थापक होता, अशा कथा रचल्या गेल्या. इतिहासकार त्या मान्य करीत नाहीत. अधिक संभाव्य ते असे, की साऱ्या शहराच्या तोंडी असलेल्या ताज्या मृत्यूला ओकुनीच्या मंडळीने चतुराईने मंचावर आणले. तसे असेल, तर भूतांचे नो नाट्य आणि रस्त्यावरची ताजी बातमी यांची सांगड घालणारी तिची नाट्यदृष्टी त्या प्रेमकथेपेक्षा अधिक नवल वाटावी अशी आहे.

यशाबरोबर नकला आल्या. ओकुनीच्या अनुकरणाने अनेक स्त्रीमंडळ्या उभ्या राहिल्या. त्यांतील मोठ्या मंडळ्या क्योटोच्या गणिकावस्तीतील मालकांनी उभारलेल्या होत्या. शिजोच्या नदीपात्रात त्यांचे मंच उभे राहिले, शामिसेन आले, व्याघ्रचर्मांनी मढवलेल्या आसनांवर बसून गणिका ते वाजवू लागल्या आणि एकाच वेळी डझनांनी नर्तकी मंचावर दिसू लागल्या. भपका आणि भांडवल यांच्यापुढे एका भटक्या देवसेविकेची मंडळी कशी टिकणार? १६०७ मध्ये एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, किल्ल्याच्या आवारात कुनी नावाच्या काबुकी स्त्रीने प्रयोग केल्याची नोंद आहे. आधीच्या दिवसांत त्याच जागी नो नाट्याचे प्रयोग झाले होते. शोगुनच्या किल्ल्यात प्रतिष्ठित नो नाट्याच्या पाठोपाठ त्याच जागेवर नाचण्याचा मान इझुमोच्या मुलीला मिळाला, हा तिच्या आयुष्याचा कळस म्हणावा लागेल. येथून पुढे तिच्याविषयी खात्रीलायक माहितीचा धागा तुटतो.

तिचे मृत्यूवर्ष कोणी १६१३ देतात, कोणी १६४४, तर कोणी १६५८. इझुमोतील परंपरा यांतील शेवटचे वर्ष धरते. तिच्यानुसार ओकुनी वार्धक्यात गावी परतली, केशवपन करून भिक्षुणी झाली, चिगेत्सू हे नाव तिने घेतले आणि एका लहानशा कुटीत सूत्रपठण व रेंगा, म्हणजे शृंखलाकाव्य, यांत काळ घालवीत वयाच्या सत्याऐंशीव्या वर्षी देह ठेवला. ही कुटी रेंगा-आन या नावाने ओळखली जाते. गावातील एका बौद्ध मंदिरात तिची म्हणून एक जपमाळ आणि हातातील आरसा जतन केलेला आहे. एकाच स्त्रीच्या वस्तूंत जपमाळ आणि आरसा शेजारी असावेत, हे तिच्या साऱ्या आयुष्याचे सारच म्हटले पाहिजे.

इझुमो ताइशाकडून इनासा किनाऱ्याकडे जाताना वाटेत एका उतारावर स्मशानभूमी आहे. तेथे नाकामुरा घराण्याच्या दफनस्थानी, दगडी कठड्याच्या आत, ओकुनीची समाधी दाखवतात. तिच्यावर मूर्ती नाही, छत्री नाही. न घडवलेला, सपाट, नैसर्गिक दगड, एवढेच. काबुकीचे नट येथे येऊन आपल्या कलेच्या उन्नतीसाठी माथा टेकवतात. ज्या कलेत स्त्रियांना स्थान नाही, त्या कलेचे पुरुष वारस एका स्त्रीच्या समाधीपुढे नतमस्तक होतात, हे दृश्य विचार करायला लावणारे आहे. जवळच्या टेकडीवर ओकुनीचे स्मारक उभारलेले आहे. तेथून इनासाचा किनारा आणि देवांच्या आगमनाचा समुद्र दृष्टीस पडतो.

दुसरी समाधी क्योटोत, दाइतोकु-जी या विख्यात झेन मठाच्या कोतो-इन या उपमंदिराच्या आवारात. हे उपमंदिर सरदार होसोकावा तादाओकी याने सतराव्या शतकाच्या आरंभी स्थापन केले. तो चहाविधीचा आचार्य सेन नो रिक्यू याचा शिष्य होता. तादाओकी आणि त्याची ख्रिस्ती झालेली पत्नी ग्रासिया यांची समाधी येथेच आहे. याच आवारात ओकुनीच्या नावाचा दगड आहे आणि नागोया सान्झाबुरोच्याही नावाचा. इतिहासाने ज्यांचे प्रेम नाकारले, त्यांना दंतकथेने मृत्यूनंतर शेजार दिला. इझुमोची समाधी ओकुनीला गावची लेक आणि भिक्षुणी म्हणून आठवते, तर क्योटोची समाधी तिला नर्तकी आणि प्रेयसी म्हणून. एक तिला देवाकडे परत नेते, दुसरी रंगमंचाजवळ ठेवते.

ओकुनी कोणत्याही वर्षी वारलेली असो, तिच्या कलेचे पुढे जे झाले ते तारखांनिशी नोंदलेले आहे. नर्तकींवरून सामुराईंत होणाऱ्या मारामाऱ्या आणि रंगमंचाआड चालणारा देहविक्रय यांचे कारण पुढे करून शोगुनच्या राजवटीने १६२९ मध्ये स्त्रियांच्या काबुकीवर बंदी घातली. त्यांची जागा कोवळ्या मुलांनी घेतली. त्यांच्यावरूनही तेच प्रकार घडू लागल्यावर १६५२ मध्ये तीही बंद झाली. उरले ते प्रौढ पुरुष. त्यांनी कपाळावरचे केस भादरावेत आणि देहाच्या आकर्षणाऐवजी अभिनयावर भर द्यावा, अशी अट पडली. यातूनच ओन्नागाता, म्हणजे स्त्रीभूमिका करणाऱ्या नटांची अपूर्व परंपरा घडली. ती श्रेष्ठ आहे यात शंका नाही. पण तिच्या पायाशी एक बंदीहुकूम आहे, हेही विसरता येत नाही. बंदी सामुराईंच्या तलवारींवर आली नाही, गणिकावस्तीच्या मालकांवरही आली नाही. ती आली नाचणाऱ्या स्त्रियांवर. ओकुनीच्या खेळात पुरुषाने स्त्री होणे आणि स्त्रीने पुरुष होणे हा दोघांचा खेळ होता. हुकुमाने त्यातील निम्मा खेळ कायमचा मिटवला.

स्त्रिया जपानी रंगमंचावर प्रतिष्ठेने परतल्या त्या थेट मेइजी काळात. कावाकामी सादायाको हिने १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात युरोपला थक्क केले. १९१४ मध्ये केवळ स्त्रियांच्या ताकाराझुका मंडळीचा पहिला प्रयोग झाला. तेथे स्त्रिया पुरुषभूमिका करतात आणि प्रेक्षक त्यांच्यावर लुब्ध होतात. ओकुनीच्या चहाघरातील छैलछबिल्याचा हा दूरचा वारसाच. काबुकीच्या मुख्य प्रवाहाने मात्र पुरुष नटांची परंपरा सोडली नाही. युनेस्कोने २००५ मध्ये काबुकीला मानवतेच्या अमूर्त वारशातील श्रेष्ठ कृती म्हणून घोषित केले आणि २००८ मध्ये तिचा समावेश अमूर्त वारशाच्या यादीत झाला. कादंबरीकार आरियोशी सावाको यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस ओकुनीवर प्रदीर्घ कादंबरी लिहून तिला नव्या पिढीसमोर जिवंत केले. क्योटोच्या शिजो पुलाजवळ आज तिचा पुतळा आहे. खांद्यावर तलवार, हातात पंखा. रस्त्यापलीकडे मिनामिझा हे ऐतिहासिक काबुकी नाट्यगृह उभे आहे.

ओकुनी खरोखर इझुमो ताइशाची सेविका होती का, अशी शंका घेणारे अभ्यासकही आहेत. भटक्या कलावंतांना एखाद्या थोर देवस्थानाचे नाव लावल्याने वाटेत मान आणि संरक्षण मिळे. कदाचित ती नदीपात्रात राहणाऱ्या, समाजाने बाहेर ठेवलेल्या कलावंतांपैकीच असेल, असे त्यांचे म्हणणे. ते खरे मानले, तरी तिच्या कर्तृत्वात उणे काही येत नाही. देवळाची सेविका असो वा नदीपात्रातील नर्तकी, स्वतःचे घर नसलेल्या एका स्त्रीने देशाला एक रंगभूमी दिली, हे सत्य दोन्ही बाजूंनी उरतेच.

आणि ओकुनी निदान नावाने उरली. तिच्यासारख्या असंख्य चालत्या देवसेविका नावाविना गेल्या. आजच्या नागानो जिल्ह्यातील नेझू या डोंगराळ गावातून एदो काळात अशा सेविकांच्या टोळ्या दरवर्षी दूरदूरच्या प्रांतांत जात. तेथेही त्यांच्या समाध्यांचे दगड आहेत. या गावच्या सेविकांना ताकेदा शिंगेन या सरदाराने हेर म्हणून वापरले आणि मोचिझुकी चियोमे ही त्यांची नायिका होती, अशी रोमहर्षक कथा अलीकडच्या काळात लोकप्रिय झाली आहे. पण तिला समकालीन कागदपत्रांचा भक्कम आधार नाही. लोकांना हेरगिरीची कथा हवी असते. पोटासाठी पायपीट करणाऱ्या, परक्या घरात परक्यांच्या मृतांचे निरोप सांगणाऱ्या स्त्रियांची खरी कथा नको असते. १८७३ मध्ये मेइजी सरकारने आत्म्यांना बोलते करणाऱ्या सेविकांच्या व्यवसायावर बंदी घातली आणि ही वाट संपली. १६२९ चा हुकूम आणि १८७३ चा हुकूम यांत जवळजवळ अडीचशे वर्षांचे अंतर आहे. दोन्ही वेळा गदा आली ती स्वतःच्या पायांवर चालणाऱ्या स्त्रियांवरच. त्या साऱ्याजणींत एकट्या ओकुनीच्या वाट्याला दोन समाध्या आल्या. उरलेल्यांपैकी बहुतेकींच्या नावाचा दगड नाही, म्हणून या दोनांपैकी एखादा त्यांचाही मानला, तर ओकुनीची त्याला हरकत नसावी.